तीन नंबरची लीड मी बदलली होती

भाऊ, वहिनींनी मला तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. इथल्या मराठी मंडळाचा अंक निघतोय, त्यात एक पान तुमचं. "तुम्हीच लिहा मनोहर भाऊजी. वीस वर्षं एका टेबलावर बसले तुम्ही, तुमच्यापेक्षा जास्त कोण ओळखते त्यायले?" मी हो म्हणालो. जिथे दुसरंच काही बोलायला हवं तिथे मी हो म्हणतो, ही माझी जुनी सवय तुम्हाला ठाऊक आहे.

दोन कागद फाडून झाले. पहिल्यात तुम्ही शिस्तप्रिय होता, दुसऱ्यात मितभाषी. तुम्ही, मितभाषी! जेवणाच्या सुट्टीत भाजीपासून राज्यघटनेपर्यंत कुठेही पोचणारे. मी ते दोन्ही कागद फाडले, कारण दोन्ही मी तुम्हाला चुकवण्यासाठी लिहिले होते.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, मग चार लोक बोलले. आपल्या कंपनीतल्या एकानं सांगितलं, "गजभिये साहेबांसारखा मोजणारा माणूस पुन्हा होणे नाही. एकदा हात चुकला, पण त्यांनी ते कबूलही केलं. एवढं मोठं मन कोणाचं असते?" लोकांनी माना हलवल्या. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मी चपला घालत होतो तेव्हा तुमची पल्लवी मागे आली. तुम्ही तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, तशीच हिंदीत म्हणाली, "अंकल, पापा से सच में गलती हुई थी क्या?"

मी म्हणालो, "बाद में बताता हूँ बेटा."

"हव," म्हणाली आणि आत गेली. तिच्या त्या 'हव'मध्ये तुमचा आवाज होता. काम झालेलं नाही हे कळल्यावर तुम्ही जसं 'बरं' म्हणायचे, तसा.

म्हणून हे लिहितो आहे. हे तुमचं कौतुक नाही.

अंक वाचणाऱ्यांना आपलं काम कळायला हवं, नाहीतर मी काय केलं तेही कळणार नाही. मला ते कळलं होतं गोल बाजारात. मी नवीन होतो, व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर नावाच्या त्या मशीनला घाबरायचो. मशीन केबलमध्ये सिग्नल सोडतं आणि तो किती वेळात दुसऱ्या टोकाला पोचला ते सांगतं, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत, म्हणजे नॅनोसेकंदापर्यंत. पण ग्राहकाची केबल मशीनला थेट बसत नाही, तिचं तोंड वेगळं असतं. मधे आपली एक मीटरभर केबल लावावी लागते. तिला आपण लीड म्हणायचो. सिग्नल त्या लीडमधूनही जातो, तिथेही त्याला वेळ लागतो. तो वेळ आधी मोजून मशीनला सांगायचा, म्हणजे मशीन तेवढा वजा करतं आणि उरतो फक्त ग्राहकाच्या केबलचा. "पण कशाला?" असं मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही मला स्कूटरवर बसवून तेलाच्या दुकानात नेलं होतं.

दुकानदारानं आपला रिकामा डबा पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात वजनं आणि खडे टाकून काटा मधे आणला.

"पाह्यलं? धडा केला त्यानं. आता डबा मोजला जाणार नाही, तेलच मोजलं जाईल. आपली लीड म्हणजे डबा." मग तुमच्यातला खट्याळ माणूस जागा झाला. "सेठ, अब ये डब्बा हटाओ, दूसरा रखो. धड़ा वही रहने दो."

"काहे भैया, बेईमानी सिखा रहे हो लड़के को?"

"नहीं सेठ, गणित."

सेठ हसला, मीही हसलो. तेल घेऊन सदर बाजाराच्या गर्दीतून परत येताना तुम्ही मागे न बघता ओरडून सांगत होता, "डबा बदलला तर धडा बदलला पायजे मनोहर! नाहीतर काटा मधे राहते आन् मापात पाप होते!" दोन स्कूटरवाले वळून बघत होते. मला लाज वाटली होती.

आपल्याकडे पाच लीड होत्या. प्रत्येक तुम्ही हातानं बनवलेली, आणि प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. त्यावर लीडचा नंबर, तिचा वेळ आणि तारीख. तीन नंबरच्या लीडवर होतं पाच पूर्णांक शून्य सहा. मी गमतीनं त्या कार्डांना ताईत म्हणायचो. तुम्हाला ते मुळीच खपायचं नाही. "ताईत म्हणू नको बे. ताईतावर विश्वास ठेवा लागते. हा आकडा कोणालेही पुन्हा मोजता येते, म्हणून तो इथं बांधला आहे." दर तीन महिन्यांनी तुम्ही पाचही लीड पुन्हा मोजायचे आणि रजिस्टरमध्ये नोंदवायचे. एवढ्या वर्षांत एकदाही आकडा हलला नाही, आणि एकदाही तुम्ही मोजायचं सोडलं नाही.

आपला वाद यावरूनच होता, आणि तो अर्धाच राहिला. माझं म्हणणं, केबल केबलच राहते, आज सकाळी पाच आणि संध्याकाळी सहा होत नाही. नवीन मशीन स्वतःच हे सगळं करतं, बटण दाबा, झालं. तुमचं म्हणणं, मशीन करतं, पण टोकाला काय लावलंय ते मशीनला दिसत नाही, ते सांगणारा माणूसच असतो. एकदा कंपनीच्या साहेबांसमोर हे पेटलं. मी जरा जोरात बोललो. तुम्ही शांतपणे साहेबांना म्हणाले, "मनोहरले मोजता येत नाही सर, वाचता येते."

साहेब हसले. तुम्ही हसलात. मीही हसल्यासारखं केलं.

ते वाक्य मी फार दिवस जवळ बाळगलं, भाऊ. तुम्ही ते संध्याकाळपर्यंत विसरला असाल. विसरला नव्हता बहुधा, कारण पुढच्याच आठवड्यात रजिस्टर माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "यापुढं लीड तू तपासत जा. माझ्यापेक्षा चांगलं करशील." ती तुमची माफी होती. मला ते तेव्हाच कळलं होतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतरचे दिवस. तुम्ही पल्लवीच्या कॉलेजच्या कामासाठी दोन दिवस सुट्टीवर होता. दुपारी घाईत मी लोखंडी कपाट बंद केलं आणि तीन नंबरची लीड दारात चिरडली. पार चपटी झाली. मी तिथेच उभा राहिलो. पहिला विचार आला तो हाच, की आता तुम्ही काही बोलणार नाही, फक्त बघाल.

खाली स्टोअरमध्ये काळ्या केबलचं एक भेंडोळं होतं. वरून अगदी तशीच, तेवढीच जाड. मी टेपनं मीटरभर मोजली, कापली, दोन्ही टोकं बसवली. जुनीचं कार्ड सोडलं आणि नवीनला बांधलं, तुमच्यासारखीच गाठ मारून. तीन महिन्यांची तपासणीही त्याच आठवड्यात होती. रजिस्टरमध्ये तीन नंबरसमोर मी पाच पूर्णांक शून्य सहा लिहिलं आणि 'तपासले' खाली सही केली. मोजलं नव्हतं, आणि पुढच्या तपासण्यांतही नाही.

आता ते, जे मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही. टोक सोलताना आतला भाग दिसतो. तुमच्या लीडच्या आत घट्ट, काचेसारखं प्लास्टिक होतं. या केबलच्या आत पांढरा, फेसाळ फोम निघाला. फोममधून सिग्नल लवकर जातो, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. लांबी सारखी असली तरी वेळ सारखा नसतो. नंतर मी स्वतःला अनेकदा समजावलं की घाईत होतो, लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं होतं. मला तो पांढरा भाग दिसला, मी एक क्षण थांबलो, आणि मग टोक बसवलं.

महिनाभरात त्या जंगलवाल्यांचं काम आलं. उत्तरेकडे जिथे हत्तींचे कळप फिरतात, तिथे काही हत्तिणींच्या गळ्यात रेडिओ पट्टे आहेत. जंगलाच्या कडेला एका खांबावर दोन अँटेना आडव्या दांडीवर लावलेल्या. ऑपरेटर खांब हळूहळू फिरवतो, कानातली टिक् टिक् ज्या दिशेला अगदी बंद पडते, तिकडे कळप. मग त्या दिशेच्या गावाला फोन जातो: उद्या सकाळी जंगलात जाऊ नका. हे सगळं एका गोष्टीवर उभं असतं, दोन्ही अँटेनांच्या केबल वेळेत तंतोतंत सारख्या हव्यात. एक जरी लांब झाली तरी टिक् टिक् बंद पडते, पण चुकीच्या दिशेला. आणि ऑपरेटरला ते कळायला मार्ग नसतो, कारण बंद पडलेला आवाज कुठेही सारखाच ऐकू येतो.

त्यांच्या दोनपैकी एक केबल खारींनी कुरतडली होती. दोन्ही तुम्हीच काही वर्षांपूर्वी बनवलेल्या, आकडा रजिस्टरमध्ये होता. तेवढ्याच वेळेची एक नवीन हवी होती. तुम्ही तीन नंबरची लीड लावली, कार्ड वाचून आकडा भरला आणि केबल थोडी थोडी कापत आणली. बरोबर वेळ दिसल्यावर थांबलात. मग ती हातात घेऊन तुम्ही वितीनं मोजायला लागलात.

"मनोहर, ही वीतभर लांब काहून वाटून राहिली बे?"

मी तुमच्या मागेच होतो. "नवीन रोल आहे भाऊ. रोलारोलात फरक पडतो."

"एवढा?"

"मशीन काय म्हणते?"

"मशीन बरोबर म्हणते."

"मग झालं."

तुम्ही आणखी एकदा वीत लावली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लीडचा आकडा तपासला होता ना तू?"

"हो भाऊ."

"तू तपासला म्हणजे तपासला." आणि सर्टिफिकेटवर तुम्ही सही केली.

मोहफुलं पडायला लागली की बायका उजाडायच्या आधी जंगलात जातात, फुलं गुरांनी खायच्या आत वेचून घ्यायला. त्या दिवशी फोन एका गावाला गेला होता, कळप त्याच्या शेजारच्या गावाकडे उतरला. मधलं अंतर पाऊण किलोमीटर. मी नंतर कागदावर मांडून पाहिलं, आपल्या चुकीनं आठ-नऊ अंश दिशा हलली होती आणि पाच किलोमीटरवर आठ-नऊ अंश म्हणजे तेवढंच होतं. एक बाई परत आली नाही. तिची टोपली फुलांसकट झाडाखाली नीट ठेवलेली सापडली, असं तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं. 'नीट ठेवलेली' हे त्यानं काहून सांगितलं, मला आजही कळत नाही. मी ते विसरू शकलो नाही.

मी स्वतःला काय काय सांगितलं, तेही लिहितो. की फोन गेला असता तरी ती गेली असती, पोट थांबतं का. की केबल बदलल्यावर एखादा पट्टा जागा माहीत असलेल्या झाडाला टांगून दिशा तपासायला हवी होती, ती तिथल्यांनी तपासली नाही. दोन्ही खरं असेल. मग रात्रभर झोप काहून लागत नव्हती?

तुम्ही दोन्ही केबल परत मागवल्या. त्या दिवशी मी सुट्टी टाकायचं ठरवलं होतं, पण आलो, कारण मी नसताना तुम्ही काय काय तपासाल याची जास्त भीती होती. तुम्ही पुन्हा तीच तीन नंबरची लीड लावली. नवीन केबल मोजली: अगदी बरोबर. जुनी मोजली: एक नॅनोसेकंदानं कमी. पुन्हा मोजली. तोच आकडा. तुम्ही खुर्चीवर बसला.

काय घडतंय ते मला दिसत होतं. डबा बदललेला, धडा जुना, आणि तुम्ही त्याच काट्यावर स्वतःची वीस वर्षं तोलत होता. खोटा काटा नव्या केबलला खरं म्हणत होता आणि तुमच्या हातच्या खऱ्या केबलला खोटं.

"म्हणजे जुन्याच चुकल्या माझ्या," तुम्ही म्हणाले. "दोन्ही सारख्याच चुकल्या, म्हणून इतके दिवस कोणाले समजलं नाही. आता एक बरोबर लागली, तवा उघडं पडलं. मनोहर, मी त्या वर्षी किती केबली बनवल्या असतीन रे?"

तोंड उघडायचं होतं. एवढंच वाक्य होतं, 'भाऊ, लीड बदललेली आहे.'

मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तुम्ही पाणी प्यायलात. मग लेटरहेडवर स्वतःच्या हातानं लिहिलं की चूक जुन्या केबलमध्ये आहे, त्या मी बनवल्या, जबाबदारी माझी. खाली एक सूचना लिहिली: यापुढे कुठल्याही ठिकाणी एक केबल बदलाल तर दोन्ही बदला. साहेबांनी कागद घेतला. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही काम सोडलं. निरोपाला समोसे होते. तुम्ही पाचही लीड पुसून, गुंडाळून माझ्या हातात दिल्या. तीन नंबर देताना ती एकदा हातातच वाकवून पाहिली, आणि दिली.

त्यानंतर मी ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या घरून तुमच्या घरी दर रविवारी यायचो. वहिनींना वाटायचं किती जीव लावतो हा माणूस. मी येत होतो ते तुम्हाला कळलं आहे का हे बघायला. दर वेळी वाटायचं की नाही कळलं, आणि परतताना हलकं वाटायचं. मग त्या हलकेपणाची किळस यायची. पुढच्या रविवारी पुन्हा यायचो.

तुम्ही बारीक होत गेला. भाजीवाल्यानं तोललेली भाजी घरी येऊन पुन्हा तोलायला लागलात. घड्याळ दोन-दोनदा बघायचे. एकदा पल्लवीनं चेष्टा केली, "पापा, टाइम बदला नहीं है, अभी देखा था आपने." तुम्ही हसला नाहीत. "एकदा पाह्यलं म्हणजे बरोबरच पाह्यलं असं नसते बाई," म्हणाले. तिला तो विनोद वाटला.

आणि मग तो शेवटचा रविवार.

वहिनी आत होत्या. तुम्ही खाटेवर बसून टीव्ही बंद केला.

"तीन नंबर कुठं आहे आता?"

"आहे ना भाऊ. लॅबमध्येच."

"शेवटी शेवटी मऊ लागे. हातात घेतली का लोळे."

"जुनी झाली," मी म्हणालो. "जुनी झाली की मऊ होते."

तुम्ही माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मीटर स्थिर होईपर्यंत बघायचे, तसं.

"केबल जुनी झाली का कडक होते, मनोहर."

मग आत हाक मारली, "अवो, चहा टाका. मनोहर फिका पिते, ध्यानात ठेवा." आणि गप्प बसला. चहा येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. बडबडे तुम्ही, एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही मला वाट मोकळी करून दिली होती, हे मला तेव्हाच कळत होतं. मी पंख्याकडे बघत होतो. चहा आला. आपण क्रिकेटबद्दल बोललो.

गुरुवारी तुम्ही गेलात. आंघोळीला उठले आणि दारात खाली बसले, एवढंच.

तुम्हाला कळलं होतं का, भाऊ? कळलं होतं तर साहेबांना एक फोन का केला नाही? माझी नोकरी जाईल म्हणून? की मी स्वतःहून बोलावं म्हणून? आणि नव्हतं कळलं, तर तुम्ही स्वतःला चुकलेला समजून गेलात. मला यातलं एकही उत्तर सहन होत नाही, आणि आता दोन्ही मिळणार नाहीत.

काल मी वहिनींकडे गेलो. पल्लवीही होती. उभ्यानंच सगळं सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा चहा आला असता. वहिनी तूर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. निवडता निवडता म्हणाल्या, "त्यायले माहीत होतं?"

"नाही माहीत मला वहिनी."

"दुपारी बसून टेबलावर वीत लावून लावून पाहात. मी म्हणो, हे काय लेकरासारखं. काही सांगत नव्हते." मग सूप बाजूला ठेवलं. "लिहा. जसं आहे तसं लिहा. गोड करू नका." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. 'भाऊजी' म्हणाल्या नाहीत.

पल्लवी दारापर्यंत आली. मला वाटलं आता रडेल, किंवा बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल. तिनं एकच विचारलं, "उस लीड से और क्या-क्या नापा, अंकल?"

भाऊ, वर्ष-सव्वा वर्षात हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. तुमच्या मुलीनं दोन मिनिटांत विचारला.

आज दुपारी लॅबमध्ये मी पहिल्यांदा तीन नंबरची लीड मोजली. टोक उघडं ठेवून, मग बंद करून, तुम्ही करायचे तसं, तीनदा. चार पूर्णांक शून्य दोन. मग रजिस्टर घेऊन एक एक ओळ बघत गेलो. बहुतेक ठिकाणी दोन्ही केबल एकत्र गेल्या होत्या, दोन्ही सारख्याच चुकलेल्या, म्हणून तिथे अपाय नाही. एका ओळीपाशी बोट थांबलं. गेल्या पावसाळ्यात, तुम्ही सोडून गेल्यावर, हत्तींच्याच दुसऱ्या एका ठाण्याला एक केबल गेली होती. एकच. वीज पडून जळलेल्या केबलच्या जागी. तुमची सूचना फाइलमध्ये होती. साहेब म्हणाले होते एक पुरे, आणि मी हो म्हणालो होतो.

त्या बाजूला हत्ती यंदाच पोचले आहेत. मोह पडायला लागून आठवडा झाला.

पाच वाजता फोन लावला. एका बाईनं उचलला, ऑपरेटर तीच. मी सांगितलं की तुमची दिशा चुकते आहे, आठ-नऊ अंश.

"किधर को? दाएँ कि बाएँ?"

"नया वाला केबल किस तरफ लगा है, दीदी?"

"वो तो जो लगाया था, उसका ट्रांसफर हो गया. नीचे से दोनों एक जैसे दिखते हैं. ऊपर चढ़ने वाला कल आएगा."

"तो दोनों तरफ के गाँवों को खबर करो. आज ही. सुबह कोई न निकले."

ती म्हणाली, "भैया, तीन दिन से इसी के हिसाब से खबर भेज रही हूँ मैं." मागे कुठेतरी ती टिक् टिक् ऐकू येत होती, तिनं रिसीव्हर चालूच ठेवला होता. "किसने नापा था ये? रुको, कागज है मेरे पास... गजभिये. गजभिये लिखा है."

सर्टिफिकेटचा नमुना कोणी बदललाच नव्हता. तुम्ही गेल्यावरही 'तपासणारे' म्हणून तुमचंच नाव छापून जात होतं, आणि त्याखाली माझी बारीकशी सही.

"वो नाम काट दो दीदी," मी म्हणालो. "वो उस दिन लैब में थे ही नहीं. पेन है आपके पास? लिखो. मनोहर ठवकर. ठ से."

तिनं लिहिताना नाव मोठ्यानं म्हटलं. मग म्हणाली, दोन्हीकडे कळवते, एका गावात फोन लागत नाही, तिथे गाडी पाठवावी लागेल, माणूस पोचला की सांगते.

आता पावणेसात झालेत. तिचा फोन आलेला नाही.